आंकडा आणि अनुभव

शास्त्रज्ञ सांगतो तें खरें असतें. परंतु जें खरें तें सारें मनाला भिडतेंच असें नाहीं. चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर हवेंतील कार्बन डायॉक्साइडचें मोजमाप सुरू केलें. त्या वेळीं हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायु सुमारें ३१५ भाग होता. २०२४ सालीं तो ४२० च्या वर गेला होता. आंकडा बिनतोड आहे. पण तो वाचून कितीजणांची झोंप उडाली?

ही अडचण ओळखून कलावंत ओलाफर एलियासन व ग्रीनलंडांत जन्मलेले भूगर्भशास्त्रज्ञ मिनिक रोसिंग एकत्र आले. डिसेंबर २०१५ मध्यें पॅरिस येथें हवामान-परिषद भरली असतां, ग्रीनलंडच्या खाडींत सुटून तरंगणारे बर्फाचे १२ प्रचंड तुकडे त्यांनीं आणविले व पँथेऑनसमोरील चौकांत घड्याळाच्या आंकड्यांप्रमाणें वर्तुळांत मांडले. लोक त्यांना हात लावीत. कान लावून, आंत कोंडलेल्या प्राचीन हवेचे बुडबुडे फुटण्याचा आवाज ऐकत. आणि बर्फ डोळ्यांदेखत वितळत होता.

यावर कोणी म्हणेल कीं, इतक्या दुरून बर्फ आणण्यांतहि इंधन जळलेंच. आक्षेप रास्त आहे. परंतु कर्त्यांनीं त्या इंधनाचा हिशेब करवून तो प्रसिद्धहि केला, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. जो जगाकडे जमाखर्च मागतो, त्यानें आपली वही आधीं उघडावी.

इंग्लंडांतील रेडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनीं २०१८ सालीं दुसरी वाट धरली. त्यांनीं आंकडे बाजूस ठेविले आणि दर वर्षाच्या सरासरी उष्णतामानास एकेक रंगीत पट्टा दिला: थंड वर्षें निळीं, उष्ण वर्षें तांबडीं. एकहि अक्षर न वाचतां लहान मुलासहि त्यांतील अर्थ कळतो.

आमच्या वाचकांच्या घरीं तीन पिढ्या एका पंगतीस बसतात. त्यांनीं सर्व पृथ्वीच्या त्या चित्रांत आजोबांचें जन्मवर्ष शोधावें, मग नातीचें. आजोबांचा पट्टा बहुधा निळसर निघेल, नातीचा गडद तांबडा. मधल्या पट्ट्यांत आपलीं, कर्त्या माणसांचीं वर्षें आहेत. चित्र बर्फ गोठवूं शकत नाहीं, आंकडाहि नाहीं. तें काम माणसांचें. मुलांबाळांसाठीं घरदार व दागिने राखून ठेवण्याची आपली रीत जुनी आहे. त्या यादींत श्वास घेण्याजोगी, सोसण्याजोगी हवा आतां वरच्या ओळींत लिहावयास हवी.