अर्जाच्या चाळणीत कोण अडकतं?

इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठीच्या 'ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट'ची, म्हणजे फर्ममधल्या प्रशिक्षणाच्या जागांची, निवड बड्या कायदा फर्म बहुधा प्रशिक्षण सुरू होण्याच्या दोन वर्षं आधीच उरकतात. अर्जातल्या 'आमचीच फर्म का?' या रकान्याचं उत्तर वकिलाच्या मुलाला घरच्या गप्पांतच मिळतं; बसचालकाची मुलगी अंदाजानं लिहिते.

सुधारणा झाल्या. क्लिफर्ड चान्स या बड्या फर्मनं गेल्या दशकात अंतिम मुलाखतीत उमेदवाराचं विद्यापीठ झाकलं. २०२१ च्या नव्या 'एसक्यूई' या सॉलिसिटर-पात्रता परीक्षेच्या पद्धतीत चार संस्थांपर्यंतचा मिळून दोन वर्षांचा अनुभव चालतो, अगदी विद्यापीठाच्या मोफत सल्ला केंद्रातलाही.

बड्या फर्मचं दार मात्र अरुंदच.

कर्मचाऱ्यांच्या सामाजिक पार्श्वभूमीची आकडेवारी फर्मना जाहीर करावी लागते. अर्ज केलेले आणि निवडलेले यांचे आकडेही शेजारी-शेजारी छापायला नियामकानं त्यांना भाग पाडावं.