शेवाळाचा दोष की आपला?

तळ्याचे पाणी हिरवे पडले, त्यावर दुर्गंधी साय धरली, की शेवाळाला नावे ठेवून आपण मोकळे होतो. पुष्कळदा हे ज्याच्यामुळे घडते त्या नील-हरित शैवालास शास्त्रज्ञ आज ‘सायनोबॅक्टेरिया’ म्हणतात. कारण ते वनस्पती नसून सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे जिवाणू आहेत. त्यांच्यावरील हा आरोप मला अन्यायाचा वाटतो.

या सूक्ष्म जिवांचे आपल्यावर केवढे ऋण आहे! सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू साठू लागला, तो त्यांच्याच पूर्वजांमुळे. आजही समुद्रात व सरोवरांत कित्येक जलचरांची उपजीविका त्यांवर चालते. भाताच्या खाचरांत तर त्यांच्या काही जाती हवेतील नत्र धरून जमिनीचा कस वाढवितात.

मग असे उपकारी जीव अपायकारक का व्हावेत? अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरालगतच्या वॉशिंग्टन सरोवराचा इतिहास याचे उत्तर देतो. काठची वस्ती वाढली, तसे शुद्धीकरण केलेले मैलापाणी त्यात येऊ लागले. त्यातील घाण बरीच कमी झालेली असे. पण स्फुरद मात्र पुष्कळसा तसाच राही. त्या आयत्या खाद्यावर शैवाल माजले. १९५५ मध्ये धोक्याची खूण मानली जाणारी एक जाती तेथे आढळली आणि एडमंडसन या प्राध्यापकांनी पुढील संकटाची जाणीव करून दिली. १९५८ मध्ये नागरिकांनी मतदानाने खर्चाचा भार पत्करला. १९६३ ते १९६८ या काळात ते सांडपाणी सरोवरातून वळविण्यात आले. जेथे उन्हाळ्यात जेमतेम एक मीटर खोलवर दिसे, तेथे थोड्याच वर्षांत सुमारे तीन मीटरपर्यंत दिसू लागले.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? मोरचूद टाकला की शैवाल मरते! मरते खरे, परंतु विषारी जाती मरताना त्यांचे विष पाण्यात उतरते, आणि शैवाल कुजू लागले की प्राणवायू आटून मासे गुदमरतात. शिवाय खाद्य तळ्यातच राहते, ते राहतेच.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, तळे हिरवे झालेले दिसले, तर त्यास मिळणाऱ्या नाल्याचा उगम शोधा. वाटेत शेतात टाकलेले अवाजवी खत भेटेल, गावची गटारे भेटतील; आणि तो माग कदाचित आपल्याच घरच्या मोरीपाशी येऊन थांबेल. उपायाचा आरंभही तेथूनच व्हावयास हवा.