मण्यार आणि न्यायासन

संशोधनासाठी सरकारी पैसा मागणाऱ्याला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : याचा उपयोग काय? १९७० च्या सुमारास बनारस हिंदू विश्वविद्यालयात सापांच्या गुणसूत्रांचा अभ्यास करणाऱ्या एका तरुणाला हा प्रश्न कोणी केला असता, तर त्याला निरुत्तरच व्हावे लागले असते.

तो तरुण म्हणजे डॉ. लालजी सिंग. जौनपूर जिल्ह्यातील कलवारी या खेड्यात १९४७ साली त्यांचा जन्म झाला. १९७१ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते पुढे एडिंबरोला गेले. पट्टेरी मण्यार सापाच्या डीएनएमध्ये पुनःपुन्हा येणारा एक लहानसा अनुक्रम त्यांना तेथील संशोधनात गवसला. मादीच्या लिंग-गुणसूत्रावर तो विपुल असतो. पण त्याच्याशी जुळणारे तुकडे थेट मनुष्यापर्यंत आढळतात आणि त्यांची मांडणी माणसागणिक निराळी असते. सर्पशास्त्रातले हे कुतूहल अशा रीतीने मनुष्याची ओळख पटविण्याचे साधन झाले. ब्रिटनमध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली डीएनए-ठशांचा शोध लावला होता, हे खरे. परंतु भारताला ही विद्या उसनी आणावी लागली नाही, याचे श्रेय सिंग यांचे. डॉ. पुष्प भार्गव यांनी उभारलेल्या हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात ते १९८७ मध्ये रुजू झाले आणि १९८९ मध्ये केरळातील तेलिचेरीच्या न्यायालयात एका पितृत्वाच्या वादात हा पुरावा उभा राहिला. राजीव गांधींच्या हत्येच्या तपासात आणि दिल्लीच्या तंदूर हत्याकांडातही हैदराबादचीच प्रयोगशाळा उपयोगी पडली.

१९९८ ते २००९ ते केंद्राचे संचालक होते. २०११ मध्ये आपल्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तेव्हा त्यांनी वेतन घेतले ते दरमहा एक रुपया. (कुलगुरुपदासाठी आज चालणारी धावपळ पाहता ही गोष्ट दंतकथेसारखी वाटावी!) डिसेंबर २०१७ मध्ये वाराणसीतच त्यांचे निधन झाले.

परंतु ज्या शासनाला संशोधनाचा उपयोग आधी कळायला हवा असतो, त्याने हाती आलेल्या उपयोगाचे काय केले? सिंग यांचे आयुष्य सरले तरी डीएनए-पुराव्यासाठी स्वतंत्र कायदा झाला नाही. त्यांच्या पश्चात २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेले विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. प्रयोगशाळांना मान्यता देऊन त्यांवर देखरेख ठेवणारे मंडळ त्यात योजिलेले होते. उलट २०२२ च्या कायद्याने पोलिसांना आरोपींचे जैविक नमुने घेण्याचा अधिकार दिला आणि नोंदी ७५ वर्षे ठेवण्याची तरतूद केली. अधिकार आधी आला, देखरेख मागे राहिली. रक्ताचा डाग कोणी उचलला, कोणत्या पाकिटात घातला, किती दिवस उन्हात पडू दिला, यावर आरोपीचे प्राण अवलंबून असतात. तेथे संशोधकाची विद्वत्ता कामास येत नाही. त्या मंडळासह, आणि निर्दोष ठरलेल्याचे नमुने नष्ट करण्याच्या निरपवाद हमीसह, हे विधेयक संसदेपुढे पुन्हा आले पाहिजे.