दहापैकी दहा, पण कोणाचे?



दिवाळीत पुण्याहून पुतण्या आला तो नव्या मोटारसायकलवर. लांबच्या प्रवासाची म्हणून मुद्दाम घेतलेली, वजन दोनशे किलोच्या आसपास, किंमत पावणेतीन लाख, हप्ते चालू. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीच. हेल्मेट काढून पहिलं वाक्य, "काका, एकदम समाधानी आहे मी. फोन आला होता, दहापैकी दहा दिले." सूनबाई कुठे म्हणून विचारलं, तर ती ट्रॅव्हल्सने परभणीला उतरली होती. तिला आणायला कोणीतरी जा म्हणाला!

मी चौतीस वर्षं पेपर तपासले आहेत. दहापैकी दहा दिसले की माझा हात लाल पेनाकडे जातो.

हे "मालक समाधानी" प्रकरण मला मान्य नाही. एक तर विचारतात केव्हा, तर पहिल्या सर्व्हिसिंगनंतर. सीटवरचं प्लास्टिकही निघालेलं नसतं. शाळा जूनमध्ये उघडली आणि जूनमध्येच वार्षिक परीक्षा घेतली, असा हा प्रकार. बरं, पेपरही फुटलेला. सर्व्हिसवाला पोरगा आधीच सांगून ठेवतो, "साहेब, फोन येईल, दहाच द्या, नऊ दिले तर माझे पैसे कापतात." हे पुतण्यानेच हसत हसत सांगितलं. त्या पोराच्या पोटावर पाय येऊ नये हे मलाही पटतं, पण मग त्याला समाधान म्हणू नका, दान म्हणा.

माझं खरं भांडण मात्र वेगळं आहे. विचारतात कोणाला? हँडल धरणाऱ्याला. मागे बसणारीला कोणी फोन केला? त्या गाडीची मागची सीट मी पाहिली. लहान मुलाच्या पाटाएवढी, आणि तीही उतरती. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्ये 123 क्रमांकाचा नियम आहे. मागे बसणाऱ्याला धरायला आधार हवा, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं चाक निदान निम्मं झाकलेलं हवं, म्हणजे साडी, ओढणी अडकणार नाही. पुतण्याने ते साडीगार्ड काढून टाकलंय. का, तर "लूक जातो". त्याच्या जागी पिशव्या अडकवायची दांडी आली. सामानाची सोय झाली, बायकोची गेली.

आता म्हणाल, म्हाताऱ्याचं जुनं ते सोनं सुरू झालं. नाही हो. माझ्याकडे 1982 पासून एक सेकंडहँड येझदी होती, म्हैसूरच्या आयडियल जावाची. 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला. तिची किक आणि गिअर एकाच दांडीत, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं आणि धूर असा की मागचा सायकलवाला शिव्या घाली. ब्रेकबद्दल न बोललेलं बरं. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, ते उत्तमच झालं. आमच्या वेळी असतं तर दोनदा माझे गुडघे वाचले असते.

पण त्या येझदीवर आम्ही दोघं परळी, अंबाजोगाई, कळंब, बार्शी करत पंढरपूरला गेलो. कळंबच्या पुढे प्लग काळा पडला. मी पॉलिश पेपरने घासत बसलो, सौ. बाभळीखाली दशम्या सोडून बसल्या. लांब, सपाट सीट. दोघांमध्ये पिशवी ठेवूनही जागा उरायची. परत आल्यावर सौ. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुळजापूर." कंपनीने काही विचारलं नव्हतं, पण मार्क मिळाले होते.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगतो. पुतण्याच्या गाडीला काही झालं तर लॅपटॉप जोडावा लागतो. आमच्या गंगाखेडच्या मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली आणि पाना परत पिशवीत ठेवला. प्रवासाची गाडी म्हणायची आणि बिघडली तर टेम्पोत घालून शहरात न्यायची, याचे मार्क कुठल्या रकान्यात मांडायचे?

कंपन्यांना सांगणं एवढंच, तीस हजार किलोमीटर झाल्यावर फोन करा आणि निम्मे मार्क मागच्या सीटच्या हाती ठेवा.

रात्री जेवताना सूनबाईला विचारलं. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, "काका, लोणावळ्यापर्यंत गेले होते एकदा. येताना लोकलने आले." मार्क तिने सांगितले नाहीत. पुतण्या हे वाचून फोन करीलच, तेव्हा फोन तिच्याकडे द्यायला सांगणार आहे.