वायुभाराची नोंद आणि चाकणचा बाजार

मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास चाकणच्या कांदाबाजारात एखाद्या जुन्या व्यापाऱ्यास ‘यंदा पाऊस कसा?’ असे विचारावे, तर नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की म्हैस, हे तो बहुधा तत्काळ सांगेल. परंतु आज हवेचा दाब चढत आहे की उतरत आहे, हे त्यास ठाऊक नसते. यात त्याचा दोष थोडा. जो आकडा कधी दृष्टीस पडत नाही, त्याची चौकशी तो का करील?

वायुभारलेखक हे यंत्र काही गहन नाही. आतील हवा काढून घेतलेल्या पातळ धातूच्या डब्यांची एक चळत त्यात असते. बाहेरील हवेचा भार वाढला की ती दबते, घटला की फुगते. ही केसाएवढी हालचाल तरफेने वाढवून लेखणीस देतात, आणि घड्याळाच्या यंत्रावर सामान्यतः आठवड्यातून एकदा फिरणाऱ्या नळकांड्यावरील कागदावर रेघ उमटते. आपल्या प्रांतात ही रेघ निरभ्र दिवशीही सरळ नसते. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास ती चढते; दुपारी व पहाटे चारच्या सुमारास उतरते. ही रोजची लाट ज्याच्या परिचयाची झाली, त्यासच ती मोडल्याचे कळते. एरवी दुपारची साधी उतरण पाहून वादळाची हाकाटी करणारे शहाणेही निघतील!

पंचांगावर श्रद्धा असणाऱ्यांनी केरो लक्ष्मण छत्रे यांचे स्मरण करावे. ग्रहगणिताची कोष्टके मराठीत रचून पंचांगशुद्धीचा पाया घालणारे हे गृहस्थ तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीस होते. त्यांस गणित व वेध या दोहोंचे वावडे नव्हते; आपणांसच का असावे?

कोणी म्हणेल, पुण्यास १९२८ सालापासून हवामानखात्याचे कार्यालय आहे, अंदाज फोनवर येतात, मग घरच्या यंत्राची गरज काय? आक्षेप अगदीच पोकळ नाही. एका यंत्राने भविष्य कळत नाही. त्यास अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात. पण ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर येऊन घाटावर चढले, त्याची सूचना खात्याने आगाऊ दिलीच होती. तरी मावळ, खेड, जुन्नर भागांत घरांचे पत्रे उडाले, हरितगृहे मोडली. सूचना विस्तीर्ण मुलखाची असते. संकट आपल्या वेशीशी किती आले, हे ताशी घसरणारी रेघ दाखविते, आणि डोळ्यांनी पाहिलेल्या रेघेवर मनुष्य जितका विश्वास ठेवतो तितका छापील इशाऱ्यावर ठेवत नाही.

मौज अशी की, हा दाब मोजणारे सूक्ष्म यंत्र येथील कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या कित्येक मोटारींच्या इंजिनांत बसविलेले असते. खंडाळ्याचा घाट चढताना हवा किती विरळ झाली हे इंजिनास कळते. चालकास व मालकास मात्र नाही!

आमच्या मते चाकणच्या बाजार समितीने आणि पिंपरी-चिंचवडच्या महापालिकेने दर्शनी जागी एकेक वायुभारलेखक काचेआड ठेवावा, आणि सकाळचा आकडा फळ्यावर लिहावा. हा प्रदेश उंचावर असल्याने आकडा मुंबईहून बराच कमी भरेल. तो समुद्रसपाटीस आणून मगच ताडून पाहावा, हेही तेथेच लिहून ठेवावे. कारखानदारांनी हा खर्च उचलावा. दर सोमवारी कागद बदलून जुना जपून ठेवावयास जवळच्या शाळेतील दोन मुली पुरेशा आहेत.