प्रयोगवहीतील खरा आकडा

शिळफाट्याजवळ खोपोलीत १९१५ पासून घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी खाली आणून वीज निर्माण केली जाते. पदार्थविज्ञानाचा एवढा मोठा प्रयोग ज्यांच्या दाराशी चालू आहे, त्या परिसरातील मुलांना राष्ट्रीय प्रयोगशाळा मात्र फार दूरच्या वाटतात. वास्तविक मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन कार्यक्रम असतो. देशातील तीन विज्ञान अकादम्याही एकत्रितपणे दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झालेल्यांस विद्यावेतनही मिळते.

अशा दोन महिन्यांत विद्यार्थी काय शिकतो? आकाशातून येणाऱ्या म्यूऑन कणांचेच उदाहरण घेऊ. समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्यूऑन पडतो. ते शंभर मोजले तर त्या मोजणीत सुमारे दहाची अनिश्चितता राहते. दहा हजार मोजले तर शंभराची. म्हणजे दहा टक्क्यांवरून एक टक्क्यावर यायचे, तर शंभरपट मोजणी करावी लागते. म्हणूनच तेथे आकड्याइतकेच त्याच्या अनिश्चिततेलाही महत्त्व असते, आणि अनपेक्षित आकडा खोडून टाकण्याऐवजी त्याचे कारण शोधले जाते.

शाळाशाळांतून रूढ असलेली रीत याच्या नेमकी उलट आहे. साध्या लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.५ आले, तरी गुण जातील या भीतीने वहीत ९.८ लिहिले जाते. उत्तर आधी आणि निरीक्षणे मागाहून, अशी ही उलटी गंगा आहे. या सवयीने मुलाचे अज्ञान झाकले जाते. पण त्याची जिज्ञासाही तेथेच मरते.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, राष्ट्रीय प्रयोगशाळेची वाट शालेय प्रयोगवहीतूनच जाते. ९.५ लिहून, दोरीची लांबी मोजताना किंवा घड्याळ दाबताना कोठे फरक पडला असेल हे सांगणाऱ्या विद्यार्थ्यास पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. निवासी शाळेला तर संध्याकाळचा वेळ हाताशी असतो. तोच प्रयोग वीस वेळा करण्याची मुभा तिने द्यावी.

दुसरी गोष्ट माहितीची. उन्हाळ्यातील संधीचे अर्ज काही महिने आधीच भरावे लागतात, आणि त्यासाठी शिक्षकांचे शिफारसपत्रही लागते. ज्या घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयात गेले आहे, तेथे हे सांगणार कोण? शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांनाही दर दिवाळीपूर्वी ही माहिती कळविणे, हे निवासी शाळेने आपले कर्तव्य मानावे.

बुद्धिमत्तेची आपल्याकडे वाण नाही. ती वेळेवर मिळालेल्या माहितीअभावी आणि खरा आकडा लिहिण्याच्या भीतीपोटी वाया जाऊ नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.