पिंजरा ओढलात, पोटाखाली पाहिलंत?

वीकेंडला कोकणात जायचं, जेट्टीवरून पिंजरा सोडायचा, खेकडे पकडायचे, रील टाकायचं. मजा तर आहेच. पण या मजेचे नियम कोण पाळणार?

मागच्या डिसेंबरात आम्ही पाच जण रायगडच्या किनाऱ्यावर एका गावात गेलो होतो. ग्रुपमधल्या एकानं ऑनलाइन घडीचा पिंजरा मागवला होता. आमिष म्हणून कोंबडीचे पाय. जेट्टीच्या कडेनं दोर सोडला, तासाभरानं ओढला आणि आत चक्क तीन खेकडे! नुसता आरडाओरडा. त्यातली एक मादी होती. पोटाखालचं झाकण उघडलेलं आणि तिथे स्पंजासारखा नारिंगी गोळा.

‘गाभोळी, गाभोळी’ करत आम्ही मोबाइल काढले. शेजारी मासळीची पाटी आवरत बसलेल्या मावशी म्हणाल्या, ‘पोटुशी हाय ती. सोडा तिला.’

‘एकीनं काय होतंय मावशी?’ आमच्यातला एक जण म्हणाला.

‘तुमचं काय होनार? जे होतंय ते आमचं.’

आम्ही तिला सोडली नाही. रश्श्यात गेली. रीलला लाइक्सही मिळाले. नंतर मी ते रील डिलीट केलं, पण मावशींचं वाक्य काही डिलीट होईना.

आधी आमचाच गैरसमज सांगते. ती गाभोळी नव्हतीच. गाभोळी असते कवचाच्या आत. पोटाखाली बाहेर दिसतो तो गोळा म्हणजे फलित झालेली अंडी. एका मादीकडे ती काही लाखसुद्धा असतात. नारिंगी रंग हळूहळू काळपट होतो आणि मग पिल्लं पाण्यात सुटतात. त्यातली फार थोडी जगतात, म्हणून तर इतकी अंडी. आम्ही एक खेकडा नाही, अख्खी बॅच उचलली होती.

घरी आल्यावर मी शोधायला बसले. जगात ठिकठिकाणी लोक हौसेनं पिंजरे टाकतात, तिथे काय नियम असतात? सगळ्यात भारी वाटलं अमेरिकेतलं मेन राज्य. तिथे पकडतात लॉबस्टर, म्हणजे आपल्या शेवंडीचा नांग्यावाला चुलत भाऊ. तिथे हौशी माणसालाही परवाना लागतो आणि पहिल्यांदा घेताना त्यासाठी परीक्षा असते. हो, परीक्षा! पिंजरे जास्तीत जास्त पाच. पकडलेलं विकायचं नाही. पिंजऱ्याला लहान पिल्लांना निसटायला फट हवी. शिवाय एक भाग असा हवा की पिंजरा समुद्रात हरवला तर तो कुजून दार आपोआप उघडेल. नाहीतर हरवलेला पिंजरा तळाशी बसून कुणासाठीच नसलेली शिकार करत राहतो.

मग मोजपट्टी. डोळ्याच्या खाचेपासून पाठीच्या कवचाच्या टोकापर्यंत सव्वातीन इंचांहून लहान असेल तर परत पाण्यात. पाच इंचांहून मोठा असेल तरी परत पाण्यात! कारण साधारण अर्धा किलोची मादी आठेक हजार अंडी देते, तर साडेतीन-चार किलोची एक लाखाच्या घरात. म्हणजे मोठी मादी हीच खरी मुदत ठेव.

पण मला सगळ्यात आवडला तो शेपटीवरचा कट. अंडीवाली मादी सापडली की तिथला मच्छीमार तिच्या शेपटीच्या पाकळीवर व्ही आकाराची छोटी खाच करतो आणि तिला सोडून देतो. पुढे ती दुसऱ्या कुणाच्या पिंजऱ्यात आली, पोटाखाली एकही अंडं नसलं, तरी ती खाच दिसली की तिला सोडावंच लागतं. एका अनोळखी माणसानं दुसऱ्या अनोळखी माणसासाठी ठेवलेला निरोप : ही आई आहे, जाऊ दे.

आणि आपल्याकडे? कायदा नाही असं अजिबात नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा आहे. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. २०२३मध्ये राज्यानं ५४ प्रजातींसाठी किमान आकारही ठरवून दिला. निर्यातीच्या शेवंडीला तर २००३पासून जातीनुसार किमान वजन आहे. पण या नियमांची नजर मुख्यतः होड्या, जाळी आणि बाजारावर असते. जेट्टीवर पिंजरा घेऊन बसलेल्या तुमच्या-माझ्यासारख्या पाहुण्याकडे कोण बघतंय?

तुम्ही म्हणाल, ट्रॉलर टनांनी उपसतात, त्यांना सोडून आमच्या दोन खेकड्यांवर काय घसरता? मुद्दा बरोबर आहे. मुंबईच्या समुद्रात चपट्या शेवंडीचं असंच झालं. ट्रॉलरच्या जाळ्यात ती येत राहिली, अंडीवाल्या माद्याही उचलल्या गेल्या आणि १९९४पर्यंत तिची मासेमारी जवळजवळ संपली. तो काही हौशी पोरांचा प्रताप नव्हता. पण म्हणून आपण सुटत नाही. मच्छीमाराला निदान पोटाचं कारण असतं. आपल्याकडे कुठलं आहे? सुट्टी संपली की आपण पुण्या-मुंबईला परत, आणि त्याच खाडीत ओहोटीला कालवं, तिसऱ्या काढायला मावशी उद्याही जाणार असतात.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सरकारनं हौशी लोकांसाठी एका पानाचे, मराठीतले, जेट्टीवर लावता येतील असे नियम करावेत. पिंजरे किती, आकार केवढा, विक्री बंद. पण तोवर वाट बघत बसायची गरज नाही. पुढच्या ट्रिपला एवढं तर जमेल?

पिंजरा टाकण्याआधी गावातल्या कुणाला तरी विचारा. ती जागा कुणाच्या तरी रोजच्या पोटापाण्याची असू शकते.

माणशी एकच पिंजरा. त्याला खुणेचा फ्लोट बांधा आणि निघताना आठवणीनं बाहेर काढा.

पकडलेलं प्रत्येक जनावर उलटं करून पाहा. अंडी दिसली, की सोडा. लहान असेल, तरी सोडा.

जून-जुलैत पिंजरा घरी.

आणि रील करायचंच असेल, तर सोडतानाचं करा. मी पुढच्या महिन्यात त्याच जेट्टीवर जाणार आहे. मावशी भेटल्या तर त्यांना सांगायचंय, की त्या दिवशी तुमचं ऐकायला हवं होतं.